मंगळाच्या आठ कला

प्रागजवळ बेनाट्की नावाचं गाव आहे. तिथल्या गढीत ४ फेब्रुवारी १६०० रोजी टायको ब्राहे आणि योहानेस केप्लर पहिल्यांदा समोरासमोर आले. टायको ५३ वर्षांचा, मूळचा डेन्मार्कचा सरदार, आता सम्राट दुसऱ्या रुडॉल्फच्या पदरी राजज्योतिषी. केप्लर २८ वर्षांचा, ग्राट्स गावात गणिताचा मास्तर. तो प्रॉटेस्टंट, त्यामुळे तिथून कधी हाकलून देतील याचा नेम नाही. टायकोकडे वीस वर्षांहून अधिक काळ घेतलेले ग्रहताऱ्यांचे वेध होते, आणि तेही दुर्बीण जन्माला येण्यापूर्वी, नुसत्या डोळ्यांनी आणि भल्यामोठ्या चापयंत्रांनी घेतलेले. केप्लरकडे गणित होतं, पण नजर नव्हती. लहानपणी आलेल्या देवींनी त्याचे डोळे अधू करून ठेवले होते. टायकोला आपले वेध कुणाच्या हाती पडू द्यायचे नव्हते आणि केप्लरला त्यांच्यावाचून पाऊल टाकता येत नव्हतं. अखेर त्याच्या वाट्याला सगळ्यांत अवघड ग्रह आला, मंगळ.

आठ दिवसांत मंगळाचा निकाल लावतो, अशी पैज केप्लरने मारली. त्याला पाच वर्षं लागली.

या पाच वर्षांची कथा आणि त्यानंतर तीनशे वर्षांनी मंगळावर माणसं शोधायला निघालेल्या पर्सिव्हल लोवेलची कथा सहसा वेगवेगळ्या पुस्तकांत सांगितली जाते. एक ग्रहगतीच्या धड्यात, दुसरी परग्रहावरच्या जीवसृष्टीच्या गमतीजमतींत. मला त्या एकत्र वाचाव्याशा वाटतात. दोघांनी एकाच ग्रहावर आयुष्यातली वर्षं लावली, दोघांचीही कल्पनाशक्ती अफाट होती, आणि दोघांपुढेही एक वेळ अशी आली की मनातलं चित्र आणि हातातली मोजमापं जुळेनात. त्या वेळी कोण काय करतो, यावर पुढचं सगळं ठरलं.

मंगळच अवघड का, ते आधी पाहू. पृथ्वी आतल्या कक्षेतून सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते, मंगळ बाहेरच्या कक्षेतून सुमारे २४ किलोमीटरने. साधारण २६ महिन्यांनी पृथ्वी त्याला मागून गाठते. तेव्हा सूर्य एका बाजूला, मंगळ बरोबर विरुद्ध बाजूला आणि मध्ये पृथ्वी, अशी प्रतियुती होते. मंगळाला मागे टाकून पृथ्वी पुढे जात असताना तो काही आठवडे ताऱ्यांमधून उलटा सरकताना दिसतो. आपल्या पंचांगात ‘मंगळ वक्री’ असं लिहिलेलं असतं ते हेच. ग्रह खरोखर मागे फिरत नाही, आपण पुढे जातो. कोपर्निकसने १५४३ साली सूर्याला मध्यभागी बसवलं तेव्हा या वक्रगतीचा उलगडा झाला होता. पण वर्तुळांचा हट्ट कोपर्निकसलाही सुटला नव्हता. आकाशातली गती परिपूर्ण, म्हणून ती वर्तुळाकारच असणार, ही दोन हजार वर्षांची श्रद्धा होती. बाकीच्या ग्रहांच्या कक्षा वर्तुळाच्या इतक्या जवळ आहेत, किंवा बुधासारखे ग्रह सूर्याच्या उजेडात इतके लपलेले असतात, की ही श्रद्धा त्यांच्या बाबतीत निभावून जाई. मंगळ मात्र रात्रभर दिसतो आणि त्याची कक्षा चांगलीच लांबट आहे. त्याच्याबाबत कुठलंही कोष्टक काही वर्षांत चुकायचं.

टायको १६०१ च्या ऑक्टोबरात वारला आणि वेधांच्या वह्या केप्लरच्या हाती आल्या. त्याने प्रतियुतींच्या वेळचे मंगळाचे वेध निवडले आणि त्यांतून जाईल असं वर्तुळ शोधायला बसला. सूर्य वर्तुळाच्या केंद्रापासून जरा बाजूला, आणि ज्या बिंदूवरून ग्रह समान वेगाने फिरताना दिसेल तो बिंदू दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी. या दोन अंतरांचं प्रमाण सरळ गणिताने निघत नव्हतं. अंदाज करायचा, हिशेब करायचा, चूक किती ते पाहायचं, पुन्हा अंदाज करायचा. हे गणित आपण किमान सत्तर वेळा केलं, असं त्याने वाचकांची करुणा भाकत लिहून ठेवलं आहे. अखेर जमलं. मंगळाचं राशिचक्रातलं स्थान, म्हणजे त्याचा भोग, या मांडणीने दोन कलांच्या आत बरोबर येऊ लागला. एक अंश म्हणजे साठ कला. कोपर्निकसला दहा कलांपर्यंतचा अचूकपणा मिळाला असता तरी आनंद झाला असता. केप्लरने इथे थांबून ग्रंथ छापला असता तर त्याला कुणी हसलं नसतं.

तो थांबला नाही. त्याने मंगळाचा शर, म्हणजे क्रांतिवृत्ताच्या वर किंवा खाली असलेलं अंतर, त्याच मांडणीवर तपासून पाहिला आणि ती कोसळली. शर जुळावा म्हणून केंद्र सरकवलं, तर भोग काही ठिकाणी आठ कलांनी चुकू लागला. आठ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा जेमतेम चौथा हिस्सा. टॉलेमीच्या काळात एवढी चूक वेधांच्या चुकीतच खपून गेली असती. पण हे वेध टायकोचे होते. टायको आठ कलांनी चुकणार नाही, हे केप्लरला ठाऊक होतं. टायकोशी त्याचं पटलं नव्हतं, भांडणं झाली होती, रुसून तो एकदा निघूनही गेला होता. तरीही मेलेल्या माणसाच्या आकड्यांवर त्याने विश्वास ठेवला आणि आपल्या इतक्या कष्टांच्या सिद्धांताला मूठमाती दिली. या आठ कलांनीच आपल्याला ज्योतिषशास्त्राच्या संपूर्ण नव्या मांडणीची वाट दाखवली, अशा अर्थाचं त्याने नंतर लिहिलं.

पुढची युक्ती मला केप्लरच्या साऱ्या कामात सगळ्यांत सुंदर वाटते. मंगळ आकाशात कुठे दिसतो हे आपण कुठे उभे आहोत यावर अवलंबून आहे, आणि आपण तर स्वतःच हलत आहोत. मग आधी पृथ्वीची कक्षा नीट काढायला हवी. पण ती पृथ्वीवर बसून कशी काढणार? मंगळाला सूर्याभोवती एक फेरी घालायला ६८७ दिवस लागतात. म्हणजे आज तो जिथे आहे, ६८७ दिवसांनी पुन्हा तिथेच येणार. पृथ्वीला मात्र तेवढ्या काळात दोन फेऱ्या पुऱ्या करायला सुमारे ४३ दिवस कमी पडतात, त्यामुळे ती वेगळ्या जागी असते. टायकोच्या वह्यांतून ६८७ दिवसांच्या अंतराचे वेध केप्लरने शोधून काढले. मंगळ जणू अवकाशात ठोकलेली खुंटी झाला आणि त्या खुंटीवरून त्याने आपल्याच पृथ्वीची वाट आखली. माणसाने कल्पनेनेच का होईना, मंगळावर उभं राहून पृथ्वीकडे पाहिलं ते तेव्हा.

त्यानंतर त्याने मंगळाची कक्षा अंडाकृती धरून पाहिली. तीही फसली. १६०५ साली लंबवर्तुळ सापडलं. सूर्य त्याच्या केंद्रात नाही, एका नाभीत. ग्रह सूर्याजवळ असताना वेगाने जातो आणि दूर असताना हळू, आणि सूर्यापासून ग्रहापर्यंत ओढलेली रेषा समान काळात समान क्षेत्रफळ व्यापते. टायकोच्या वारसांशी चाललेल्या तंट्यामुळे ‘आस्त्रोनोमिया नोव्हा’ हा ग्रंथ बाहेर यायला १६०९ साल उजाडलं.

केप्लर रुक्ष हिशेबनीस होता असं मात्र कुणी समजू नये. त्याने चंद्रप्रवासाची एक कथा लिहिली. चंद्रावरची गोल विवरं तिथल्या रहिवाशांनी उन्हापासून बचावासाठी खणली असावीत, असंही त्याने गंभीरपणे मांडलं. म्हणजे परग्रहवासीयांची कल्पना लढवण्यात तो लोवेलच्या मागे नव्हता. फरक दुसरीकडे आहे.

मंगळाची कक्षा लांबट असल्यामुळे सगळ्या प्रतियुती सारख्या नसतात. मंगळ सूर्याजवळ असताना प्रतियुती झाली तर तो आपल्यापासून सुमारे ५ कोटी ६० लाख किलोमीटरवर येतो, सूर्यापासून दूर असताना झाली तर १० कोटींवर राहतो. जवळची प्रतियुती १५ किंवा १७ वर्षांनी येते. १८७७ सालची तशी होती. त्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेत असाफ हॉल मंगळाचे चंद्र शोधत होता. निराश होऊन काम सोडायच्या बेतात असताना पत्नी अँजेलिना हिने त्याला पुन्हा दुर्बिणीकडे पाठवलं, आणि काही दिवसांतच डायमॉस आणि फोबॉस सापडले. फोबॉसवरच्या सर्वांत मोठ्या विवराला आज तिच्या माहेरच्या आडनावाने स्टिकनी म्हणतात.

त्याच महिन्यांत मिलानच्या ब्रेरा वेधशाळेत जोव्हान्नी स्क्यापारेल्ली २२ सेंटिमीटरच्या भिंगाच्या दुर्बिणीतून मंगळाचा नकाशा काढत होता. हा साधासुधा हौशी माणूस नव्हता. ऑगस्टमधल्या उल्कावर्षावाचं नातं एका धूमकेतूशी आहे हे त्यानेच दाखवलं होतं. त्याचा नकाशाही केवळ चित्र नव्हता, ठळक ठिकाणांची स्थानं त्याने मोजून घेतली होती. हेलास, एलिसियम, सिर्टिस मेजर ही त्याने पुराणांतून आणि प्राचीन भूगोलातून उचललेली नावं आजही चालतात. या नकाशावर गडद भागांना जोडणाऱ्या काही बारीक रेषा होत्या. त्यांना त्याने इटालियनमध्ये ‘कानाली’ म्हटलं आणि इंग्रजी वृत्तपत्रांनी त्याचे कालवे केले. पुष्कळ लेखक या सगळ्या प्रकरणाचं खापर त्या भाषांतरावर फोडतात. मला ते पटत नाही. रेषा नकाशावर नसत्या तर भाषांतराने काय होणार होतं? त्याच १८७७ साली मदीरा बेटावरून नॅथॅनिएल ग्रीन या इंग्रज चित्रकाराने मंगळ रेखाटला. त्याच्या चित्रात सौम्य छटा आहेत, रेषा नाहीत. मंगळ तेव्हा सुमारे २५ विकलांचा दिसत होता, म्हणजे चंद्रबिंबाच्या सत्तराव्या हिश्शाएवढा. वरून पृथ्वीची हवा त्याला सतत थरथरवते. अशा बिंबावर क्षणभर दिसलं ते रेषा म्हणून काढायचं की छटा म्हणून, हा निर्णय हाताचा होता.

पुढच्या प्रतियुतींत स्क्यापारेल्लीला काही रेषा दुहेरी दिसू लागल्या. हळूहळू इतरांनाही दिसू लागल्या. पॅरिसमध्ये कामिय फ्लामारिओंने १८९२ साली मंगळावर जाडजूड ग्रंथ काढला आणि तिथे बुद्धिमान वस्ती असण्याचा जोरदार पुरस्कार केला. तो ग्रंथ बोस्टनच्या एका धनाढ्य गृहस्थाच्या हाती पडला.

पर्सिव्हल लोवेल १८५५ सालचा. हार्वर्डमध्ये गणितात चमकला, कापडगिरण्यांच्या पैशावर वाढला, जपान आणि कोरियात राहून तिथल्या लोकांवर पुस्तकं लिहिली. चाळिशीच्या उंबरठ्यावर सगळं सोडून तो मंगळाकडे वळला. १८९४ ची प्रतियुती गाठण्यासाठी त्याने ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफला, २१०० मीटरहून उंच जागी, काही महिन्यांत वेधशाळा उभी केली. ज्योतिर्विदांनी शहरातून उठून स्वच्छ, कोरड्या, उंच हवेत जावं हा त्याचा आग्रह काळाच्या पुढचा होता. पण वेधशाळा उभी राहण्याआधीच, बोस्टनच्या एका व्याख्यानात, मंगळावरच्या रेषा बुद्धिमान प्राण्यांनी केल्या असाव्यात असं तो बोलून गेला होता. उत्तर आधी ठरलं, दुर्बीण नंतर आली.

त्याची मांडणी मोहक होती हे मान्य करायला हवं. मंगळ पृथ्वीपेक्षा लहान, म्हणून लवकर थंड झालेला आणि वाळत चाललेला. पाणी उरलं ते फक्त ध्रुवांवरच्या बर्फात. तिथली प्राचीन, शहाणी प्रजा मरणाच्या दारात उभी आहे. वसंतात बर्फ वितळलं की ते पाणी हजारो किलोमीटर कालव्यांनी विषुववृत्ताकडे आणायचं. आपल्याला दिसतात त्या रेषा पाण्याच्या नाहीत, कालव्याच्या दोन्ही काठांवर पसरलेल्या शेतीच्या आहेत. कालवे जिथे मिळतात तिथे हिरवळीचे गोल ठिपके. आणि सगळ्या ग्रहावर एकच जाळं असेल, तर तिथे राष्ट्राराष्ट्रांची युद्धं उरलेली नसणार. १८९५, १९०६ आणि १९०८ साली आलेल्या त्याच्या तीन पुस्तकांनी जगाला वेड लावलं. एच. जी. वेल्सची मंगळवासीयांच्या स्वारीची कादंबरी १८९८ ची, याच वातावरणातली. १९०० साली फ्रान्समध्ये परग्रहाशी संपर्क साधणाऱ्याला एक लाख फ्रँकचं बक्षीस जाहीर झालं. त्यातून मंगळ वगळला होता, कारण मंगळाशी संपर्क साधणं फारच सोपं मानलं गेलं!

लोवेलच्याच घरात शंका निघाली. अँड्र्यू डग्लस हा त्याचा सहायक. फ्लॅगस्टाफची जागा निवडणारा तोच. १८९६ पासून लोवेलला शुक्रावरही चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा दिसू लागल्या, आणि शुक्र तर दाट ढगांनी झाकलेला. डग्लसने लांबवर कृत्रिम बिंबं ठेवून ती दुर्बिणीतून पाहायला सुरुवात केली. ज्यांच्यावर रेषाच नव्हत्या अशा बिंबांवरही त्याला रेषा दिसल्या. त्याने ही शंका पत्रातून लोवेलच्या नातलगापाशी बोलून दाखवली आणि १९०१ साली त्याला कामावरून काढून टाकण्यात आलं. डग्लस पुढे झाडाच्या खोडातली वलयं मोजून काळ ठरवण्याच्या शास्त्राचा जनक झाला. ॲरिझोना विद्यापीठातली त्या शास्त्राची प्रयोगशाळा त्याने स्थापन केलेली आहे. लोवेलने काय गमावलं, हे लोवेलला कधी कळलं नाही.

१९०३ साली ग्रीनिचच्या एडवर्ड माँडरने आणखी साधा प्रयोग केला. तिथल्या एका शाळेतल्या मुलांपुढे त्याने मंगळासारखं एक चित्र टांगलं. त्यावर गडद-फिके डाग होते, बारीक ठिपके होते, वेडीवाकडी खूण इथे-तिथे होती, पण सरळ रेषा एकही नव्हती. मुलांना मंगळाविषयी काही सांगितलं नव्हतं. दिसेल तसं काढा, एवढंच. पुढे बसलेल्या मुलांनी ठिपके काढले. अगदी मागच्यांना काही दिसलं नाही. मधल्या रांगांतल्या मुलांनी, ठिपके वेगळे दिसतील एवढ्या जवळ नसलेल्या आणि पुरते पुसले जातील एवढ्या दूर नसलेल्या मुलांनी, सरळ रेषा काढल्या. कालवे मंगळावर नव्हते, डोळा आणि मेंदू यांच्यामधल्या वाटेवर होते. मुलांनी लबाडी केली नाही, स्क्यापारेल्लीनेही नाही, आणि लोवेलनेही नाही. दृष्टीच्या मर्यादेवर पोचलेला प्रत्येक प्रामाणिक डोळा हेच करतो.

मग मोजमापं येऊ लागली. लिक वेधशाळेच्या विल्यम कॅम्पबेलने १८९४ सालीच मंगळाच्या वर्णपटात पाण्याची वाफ शोधली होती आणि त्याला ती सापडली नव्हती. १९०९ साली तो पृथ्वीवरची वाफ आड येऊ नये म्हणून ४,४०० मीटर उंचीच्या व्हिटनी शिखरावर उपकरणं चढवून गेला. पुन्हा तेच उत्तर. डार्विनबरोबर नैसर्गिक निवडीचं तत्त्व मांडणारा आल्फ्रेड रसेल वॉलेस १९०७ साली ८४ वर्षांचा होता. लोवेलने मंगळाचं हवामान दक्षिण इंग्लंडइतकं सुसह्य ठरवलं, तेव्हा या म्हाताऱ्याने अख्खं पुस्तक लिहून उत्तर दिलं: इतक्या विरळ हवेत आणि सूर्यापासून इतक्या लांब ग्रह गोठणबिंदूच्या खूप खाली असणार, आणि उघड्या कालव्यांतून पाणी नेणं हे वेड्यांचं काम ठरेल. मंगळाचं सरासरी तापमान उणे ६० अंश सेल्सियसच्या आसपास आहे हे आज आपण जाणतो. वॉलेसने ते दुर्बिणीशिवाय, टेबलापाशी बसून ओळखलं होतं.

शेवटचा घाव २० सप्टेंबर १९०९ च्या रात्री पडला. युजीन अँतोनियादी पूर्वी स्वतः कालव्यांचे नकाशे काढत असे. पॅरिसजवळच्या म्यूदों इथल्या ८३ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून तो मंगळ पाहायला बसला. त्या रात्री हवा कमालीची स्थिर होती. रेषा नाहीशा झाल्या. त्यांच्या जागी असंख्य ठिपके, तुटक छटा, अनियमित डाग. हाताने काढता येणार नाही इतका तपशील. आपण आजवर काढलेल्या रेषा खऱ्या नव्हत्या, हे त्याने जाहीर सांगितलं.

लोवेलचं उत्तर तयार होतं: मोठ्या दुर्बिणीला हवेची थरथर जास्त बाधते, म्हणून लहानच बरी. स्वतःच्या ६१ सेंटिमीटरच्या उत्तम दुर्बिणीचं तोंड तो मुद्दाम लहान करून वापरत असे. १९०५ साली त्याच्या सहकाऱ्याने घेतलेल्या छायाचित्रांत कालवे उतरल्याचा दावा झाला. पण ती छायाचित्रं जेमतेम पाव इंचाची, आणि छापताना त्यांतल्या रेषा उमटत नसत. वाचकाने लोवेलच्या शब्दावर विसंबावं. प्रत्येक विरुद्ध पुराव्याला त्याच्याकडे उत्तर होतं, आणि मला त्याचं दुर्दैव इथेच दिसतं. केप्लर अधू डोळ्यांचा होता, म्हणून त्याने दुसऱ्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला. लोवेलला स्वतःच्या नजरेचा अभिमान होता. १९१६ साली तो वारला तेव्हाही त्याचे कालवे शाबूत होते.

त्याने उभी केलेली वेधशाळा मात्र त्याच्याहून मोठी निघाली. तिथेच व्हेस्टो स्लायफरने १९१२ पासून दीर्घिकांचे वेग मोजले, ज्यांवर पुढे प्रसरणशील विश्वाची कल्पना उभी राहिली. तिथेच १९३० साली क्लाइड टाँबोने प्लूटो शोधला. नेपच्यूनपलीकडच्या ग्रहाचा नाद लोवेलने शेवटच्या वर्षांत धरला होता. इथे व्यंकटेश बापूजी केतकरांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. पंचांगशुद्धीसाठी आयुष्य वेचलेल्या या ‘ज्योतिर्गणित’कारांनी १९११ साली, फ्लामारिओंनेच स्थापन केलेल्या फ्रेंच ज्योतिष संस्थेच्या नियतकालिकात, नेपच्यूनपलीकडे ग्रह असल्याचं भाकीत छापलं. एकाचं सूर्यापासूनचं अंतर पृथ्वीच्या सुमारे ३९ पट आणि फेरीचा काळ सुमारे २४२ वर्षं, असं त्यांचं गणित होतं. प्लूटोचे आकडे साडेएकोणचाळीस पट आणि २४८ वर्षं निघाले. आपल्याकडे याचा अभिमानाने उल्लेख होतो आणि एकट्याने केलेल्या त्या व्यासंगाचा अभिमान वाटायलाच हवा. पण प्लूटोचं वस्तुमान पृथ्वीच्या चारशेव्या हिश्शाहूनही कमी आहे. इतका हलका पिंड नेपच्यून-युरेनसला ओढू शकत नाही, त्यामुळे लोवेलचं भाकीत योगायोगानेच खरं ठरलं. केतकरांचं जुळणंही मी योगायोगच मानतो. आपल्या माणसाला वेगळं माप लावता येत नाही.

मंगळावरच्या रेषा इतक्या सहज गेल्या नाहीत. अमेरिकी हवाई दलाने १९६२ साली, अवकाशयानं निघण्याच्या बेतात असताना छापलेल्या मंगळाच्या नकाशावरही त्या होत्या. मग १९६५ च्या जुलैत मरिनर-४ हे अमेरिकी यान मंगळापासून सुमारे ९,८०० किलोमीटरवरून गेलं. एक छायाचित्र पृथ्वीवर पोचायला आठेक तास लागत. पासाडेनातल्या नियंत्रण केंद्रात अभियंत्यांना धीर धरवेना. त्यांनी आकड्यांच्या पट्ट्या छापून भिंतीला टाचल्या आणि रंगखडूंनी प्रत्येक आकड्याचा रंग हाताने भरत पहिलं चित्र पुरं केलं. पुढच्या चित्रांत विवरं होती, चंद्रासारखी जुनी, झिजलेली. यानाच्या रेडिओ लहरी मंगळाच्या हवेतून जाताना वाकल्या त्यावरून हवेचा दाब पृथ्वीच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी निघाला. कालवा नाही, शेत नाही, उघड्यावर पाणी टिकण्याची शक्यताही नाही.

निराशाही उतावीळ असते. मरिनर-४ ने ग्रहाचा जेमतेम एक टक्का पाहिला होता. १९७१ साली मरिनर-९ मंगळाभोवती फिरू लागलं आणि धुळीचं वादळ ओसरल्यावर प्रचंड ज्वालामुखी, चार हजार किलोमीटर लांबीची दरी आणि पाण्याने कोरलेली कोरडी नदीपात्रं दिसली. पाणी होतं, अब्जावधी वर्षांपूर्वी.

२० जुलै १९७६ रोजी व्हायकिंग-१ मंगळावर उतरलं, सप्टेंबरात दुसरं. मातीत जीव आहे का हे पाहणारे तीन प्रयोग त्यांवर होते. गिल्बर्ट लेव्हिनच्या प्रयोगात मातीला किरणोत्सारी कार्बन घातलेलं पोषक द्रव्य दिलं. मातीत कुणी ते खाणारं असेल तर किरणोत्सारी वायू बाहेर पडेल. तो पडला. माती १६० अंशांपर्यंत तापवून पुन्हा प्रयोग केला, तर थांबला. जीव असल्याची खूण म्हणून आधीच ठरवून ठेवलेली अट पुरी झाली होती. साऱ्या जगाला हवं होतं ते उत्तर हातात होतं. पण त्याच यानावरच्या दुसऱ्या उपकरणाला मातीत सेंद्रिय पदार्थच सापडेनात. खाणारा आहे, पण त्याचं शरीर ज्याचं बनावं ते नाही, हे कसं? बहुतेक शास्त्रज्ञांनी जीवसृष्टीचा दावा केला नाही. मातीतली एखादी तीव्र रासायनिक क्रिया असावी, असं त्यांनी म्हटलं. २००८ साली फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट क्षार सापडले तेव्हा कोडं बरंचसं उलगडलं. लेव्हिन २०२१ मध्ये वारला तोवर आपल्याला जीवच सापडला होता असं म्हणत राहिला. त्याला मी लोवेलच्या रांगेत बसवणार नाही. त्याची मागणी शेवटपर्यंत एकच होती, पुन्हा यान पाठवा आणि पुन्हा मोजा.

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं एक यान मंगळावर उतरत होतं. त्याचं नाव स्क्यापारेल्ली. त्याचा क्षीण रेडिओ संदेश ऐकण्याचं काम पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळच्या खोडद इथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीकडे होतं, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्यांकडे. खोडदला हवाई छत्री उघडल्याचं कळलं आणि मग जमिनीवर टेकण्याच्या जरा आधी संदेश बंद झाला. पुढे तपासात कारण कळलं. यानाचं फिरणं मोजणारं उपकरण सुमारे सेकंदभर आपल्या मर्यादेवर अडकून राहिलं. त्या आकड्यावरून संगणकाने हिशेब केला की यान जमिनीच्या खाली पोचलं आहे. उंची मोजणारा रडार व्यवस्थित चालत होता. यान प्रत्यक्षात ३.७ किलोमीटर उंचीवर असताना छत्री सुटली, ब्रेकची इंजिनं तीन सेकंद चालून थांबली आणि ते आदळलं.

त्याच्याबरोबर गेलेलं जोडयान मात्र सुखरूप कक्षेत आहे आणि मंगळाच्या हवेत मिथेन शोधतं आहे. पृथ्वीवर मिथेन बराचसा सजीवांमुळे तयार होतो, म्हणून त्याला एवढं महत्त्व. गेल विवरात फिरणाऱ्या क्युरिऑसिटी गाडीने मिथेन मोजला आहे. २०१९ च्या जूनमध्ये तो एक अब्ज भागांत २१ भागांपर्यंत गेला. कक्षेतलं यान म्हणतं, अब्जात ०.०५ भागही नाही. दोन्ही उपकरणं उत्तम, दोन्हींमागची माणसं चोख, आणि आकडे जुळत नाहीत. कुणी म्हणतं वायू रात्री जमिनीलगत साठतो आणि दिवसा विरतो, कुणी म्हणतं गाडीच्याच आत गळती असेल. माझ्या मते मंगळावरच्या शोधात सध्या याहून मोलाचं काही नाही. केप्लरला जशा आठ कला मिळाल्या, तसा हा फरक आपल्या पिढीला मिळाला आहे, आणि तो घाईने मिटवू नये.

१९ फेब्रुवारी २०२७ रोजी मंगळाची पुढची प्रतियुती आहे. ती लांबची आहे, मंगळ दहा कोटी किलोमीटरवर असेल, पण वक्रगती पाहायला दुर्बीण लागत नाही. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत तांबूस मंगळ मघा ताऱ्याच्या परिसरात असेल. दर आठवड्याला एकदा गच्चीवर जा, आसपासच्या ताऱ्यांच्या संदर्भाने त्याची जागा वहीत मांडा, आणि तारीख घाला. घरात मुलं असतील तर त्यांनाही वेगळी वही द्या, आणि दोन्ही वह्या जुळल्या नाहीत तर खोडरबर हातात घेऊ नका.